रात्रीच्या स्कूबाचा क्लास केला, तोबी विहिरीत!

आधी मालवणात दोनदा स्कूबा केलेलं, म्हणजे मागनं सिलिंडर धरून माणूसच आपल्याला फिरवतो आन आपण कॅमेऱ्याला अंगठा दाखवायचा. अंगठा म्हणजे खरं तर 'वर चला' असतं, हे नंतर ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केल्यावर कळलं. त्याच्या पुढचा रात्रीचा आन गढूळ पाण्याचा क्लास सांगलीतच मिळाला, तीन रात्री, नऊ हजार. एक रात्र स्विमिंग टँकमध्ये, दोन मिरजेकडच्या एका मळ्यातल्या विहिरीत. कृष्णेत का नाय असं एकानं विचारलं तर सर म्हणले, मगरींना विचारून ये. आमच्यात भिलवडीचा एकजण होता, तो काय हसला नाय.

टँकमध्ये मास्कला काळी चिकटपट्टी लावून रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं तोंडातलं यंत्र, काढायचा आन चाचपून परत शोधायचा. मी दोन मिनटात वर आलो, छाती धडधडायला लागली. सर ओरडले नाहीत, परत करून घेतलं, पाच वेळा.

विहिरीवर पोचल्यावर सरांनी पहिलं काम काय केलं तर स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात टाकले. मळ्याला लाइट रात्रीचीच येते, ऑटोवर मोटर चालू झाली म्हणजे संपलं. मला तिथंच पटलं की माणूस कामाचा आहे.

टॉर्च दोन, सिलिंडरला ग्लो स्टिक म्हणजे चमकणारी कांडी. टॉर्च गोल फिरवला की ठीक, जोरात आडवा हलवला की अडचण, आन समोरच्याच्या डोळ्यावर मारायचा नाय, आपल्या हातावर मारून खूण दाखवायची. हे सगळं पाठ करून खाली गेलो आन कुणाचा तरी फिन, म्हणजे पायातलं वल्हं, गाळाला लागला. संपलं. धुक्यात घाटात अप्पर लावल्यावर कसं होतं तसं, जितका उजेड मारावा तितकं पांढरं! वर कुठं खाली कुठं कळंना, तेव्हा बुडबुडे हाताला लावून बघायचे, जातात तिकडं वर. जोडीदार सुटला तर एक मिनिट शोधायचं आन सावकाश वर यायचं. आमची दोरी होती म्हणून वेळ आली नाय.

अजून एक, सांगली 550 मीटरच्या आसपास आहे, 300 च्या वरचं पाणी डाइव्हिंगमध्ये उंचीवरचं धरतात, खाली किती खोल, किती वेळ ह्याचा हिशोब वेगळा. आन मालवणात डाइव्ह करून लगेच आंबोली चढायची नाय, विमानात बसायच्या आधी थांबतात तसंच, एका डाइव्हला 12 तास थांबायचं, जास्त असतील तर 18. आम्ही मागच्या साली संध्याकाळीच चढून वर गरम भजी खाल्लेली.

आता तक्रारी. भाड्याचा बॅकअप टॉर्च दुसऱ्या रात्री निम्म्यात बंद पडला, म्हणजे ज्याच्यासाठी असतो तेच नाय. एका विहिरीत आठ माणसं म्हणजे लई झाली, चारच घ्या. वेटसूट ओला आन वासाचा, माझ्या मापाचा तर नव्हताच.

ज्याला लिफ्टमध्ये लाइट गेली तरी घाम फुटतो त्यानं जाऊ नका, पैसे परत देत नाहीत. बाकीच्यांनी जा, टॉर्च मात्र स्वतःचा न्या. विहिरीवर फोनला रेंज नाय, घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आमच्या आईनं रात्री अकराला शेजाऱ्यांना उठवलेलं.