महाद्वार रोडवर घेतलेला 'मोती शंख'

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडनं परत येताना एका बाहेरगावच्या माणसाचं टेबल दिसलं. लाल कापडावर भोवऱ्याच्या आकाराचे, झळाळणारे शंख मांडलेले. "काकी, हा मोती शंख. पोटात मोती धरतो म्हणून ही झळाळी. लाखात एक मिळतो."

वर्षभर मुलाचं दुकान चालत नव्हतं. त्या काळजीत होते, ऐकत राहिले. त्यानं शंख कानाला लावला, आत घुमत होतं. म्हणाला, हाच ॐकार. शंखाचे साडेचार हजार, 'सिद्ध' करून द्यायचे अकराशे. 5,600 रुपये मोबाईलवरून पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, देवाच्या वस्तूचं बिल करत नाहीत. तिथंच मी थांबायला हवं होतं.

संक्रांतीला भाची आली. ती प्राणिशास्त्र शिकते. तिनं देव्हाऱ्यातला शंख उचलून उलटा केला आणि वेढ्यांच्या फटीत उरलेली लालसर रेघ दाखवली. "मावशी, हा ट्रोकस आहे, समुद्री गोगलगाय. ह्याची पाठ मुळात पांढरी, त्यावर लाल पट्टे. ॲसिडनं वरचा थर काढून घासला की खालचा शिंपल्याचा थर असा चमकतो." हा थर ह्या जातीच्या प्रत्येक कवचाला असतो. पूर्वी शर्टाची बटणं ह्यातूनच कापायचे. म्हणजे लाखात एक वगैरे काही नाही. आपला पूजेचा शंख तर वेगळ्याच प्राण्याचा; तो आतून चिनीमातीसारखा गुळगुळीत, त्याला असा चमकणारा थर नसतोच.

मग तिनं स्टीलचा रिकामा पेला माझ्या कानाला लावला. तसाच आवाज. आजूबाजूचा आवाजच पोकळीत घुमतो. मला रडू आलं. पैशापेक्षा, रोज हळदकुंकू वाहून त्याच्याकडे मुलासाठी मागत होते, त्याचं.

ह्यापुढचं तिनं सांगितलेलं जास्त गंभीर आहे. मोठा ट्रोकस आपल्या देशात अंदमान-निकोबारच्या प्रवाळांत राहतो, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. म्हणजे माझ्या श्रद्धेच्या नावावर एक संरक्षित जीव विकला गेला, आणि तो माझ्या देव्हाऱ्यात होता.

दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडला गेले. टेबल नव्हतं. शेजारच्या फुलवाल्या मावशी म्हणाल्या, तो चार दिवसच बसला होता. ज्या नावावर पैसे गेले ते नाव त्यानं सांगितलेल्या नावाशी जुळत नाही. पैसे पाठवण्याआधी पडद्यावरचं नाव मी वाचलंच नव्हतं.

कुणी मोती शंख दाखवला तर आधी फटीतला रंग बघा, बिल मागा, आणि हा कोणत्या प्राण्याचा ते विचारा. सोमवारी भाचीला घेऊन वनखात्याच्या कार्यालयात जाणार आहे. शंख आणि पैसे पाठवल्याची नोंद, दोन्ही पिशवीत घालून ठेवलंय.