'आउटलँडर' : भुताची उधारी आणि सिस्टरची रोकड

डायना गॅबाल्डन यांच्या 'आउटलँडर' या कादंबरीची माझी प्रत निम्मे वाचून होण्याआधीच कण्यातून उकलली. साडेआठशेच्या आसपास पानांचा ठोकळा नुसत्या गोंदाच्या भरवशावर बांधणे हा कंजूषपणा झाला. त्यात विक्रेत्याने 'परतीची मुदत संपली आहे' हे एकच उत्तर शब्द बदलून पुनःपुन्हा पाठवले. एवढे जाड पुस्तक आठवडाभरात वाचून ग्राहकाने त्याची बांधणी तपासावी, अशी त्यांची अपेक्षा असावी. अखेरीस ओळखीच्या बाइंडरकडून ते दोऱ्याने शिवून पुठ्ठा चढवून घेतला. तो खर्च मूळ किमतीत धरूनच पुढचे मत वाचावे.

कथानक टीव्ही मालिकेमुळे बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे एवढेच सांगते: महायुद्धात परिचारिका असलेली क्लेअर अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते आणि तेथे जेमी या तरुणाशी तिचे लग्न होते. मी पुस्तक घेतले ते भुतासाठी. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले असताना स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसमध्ये एका पावसाळी रात्री क्लेअरच्या पहिल्या नवऱ्याला, फ्रँकला, रस्त्यावर उभा राहून तिच्या खिडकीकडे टक लावून पाहणारा हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला माणूस, दिसतो. तो फ्रँकच्या अगदी जवळून जातो, पण अंगाला अंग लागल्याची जाणीव होत नाही, आणि वळून पाहावे तो माणूस गायब. प्रसंग उत्तम आहे. परंतु त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत या भुताचा उलगडा नाही. हे भूत जेमीचेच असून त्याचा खुलासा या पुस्तकमालेच्या अखेरच्या भागात होईल, असे लेखिकेने जाहीरपणे सांगितलेले आहे. पहिला भाग १९९१चा, नववा २०२१चा, आणि तरीही उत्तर बाकीच. पहिल्या पानांत दाखवलेला माल ग्राहकाच्या हाती पडण्यासाठी त्याने तीस वर्षे हप्ते भरावेत, हा व्यवहार मला मान्य नाही. एक गुण मी याच कारणासाठी कापला आहे, आणि प्रेमकथेच्या चाहत्यांनी कितीही समजावले तरी तो परत मिळणार नाही.

मात्र पुस्तक मी टाकून दिले नाही, याचे श्रेय क्लेअरमधल्या परिचारिकेला आहे. सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीपासून वॉर्डापर्यंत सगळीकडे ड्यूट्या केल्यामुळे कादंबरीतल्या सिस्टरांकडे मी जरा संशयानेच पाहते. बहुधा त्या कपाळावर ओली पट्टी ठेवण्यापलीकडे काही करत नाहीत. येथे १७४३ सालात येऊन पडलेल्या क्लेअरची जेमीशी पहिली ओळख होते ती त्याच्या निखळलेल्या खांद्यामुळे. भोवतीचे पुरुष तो जोर लावून बसवू पाहतात, आणि असे केल्यास हात मोडेल म्हणून ती त्यांना अडवते. दंडाचे हाड आधी योग्य कोनात आणावे लागते, मग ते सांध्यात सरकते. तो क्षण लेखिकेने घाई न करता लिहिला आहे. वेदना एकाएकी थांबल्यावर रुग्णाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, ते मी पुष्कळदा पाहिले आहे आणि येथे ते जसेच्या तसे आहे.

जखमेवर व्हिस्की ओतण्याचा प्रकार सुरुवातीला मला नाटकी वाटला, कारण निर्जंतुकीकरणासाठी साधारण सत्तर टक्के अल्कोहोल लागते आणि पिण्याची दारू त्याहून बरीच सौम्य असते. पुढे उकळलेले पाणी, लसूण, विलोची साल अशी साधने ती हाताशी असेल त्यातून उभी करते, तेव्हा माझे मत बदलले. साठा संपलेल्या दिवशी आम्हीही जे मिळेल त्यावर वॉर्ड चालवलेला आहे.

एका पात्राच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल वण दिसतो, त्या ठिकाणी मी पुस्तक मिटून स्वतःच्या दंडाकडे पाहिले. कोणाच्या, ते सांगत नाही. जेन्नरची लस १७९६ची, म्हणजे त्या काळात असा वण कोणाच्याही अंगावर असणे अशक्य. आमच्या पिढीच्या वाचकाला ही खूण समजावून सांगावी लागत नाही, तरुणांना कदाचित लागेल. ज्या चेटकीण-खटल्यात हा प्रकार घडतो, तो मात्र इतिहासाला धरून नाही, कारण चेटूक हा गुन्हा मानणारे कायदे ब्रिटनमध्ये १७३५च्या कायद्यानेच रद्द झाले होते.

जेमी सैनिक आहे. पाठीवर फटक्यांचे वण आहेत आणि शेवटी तुरुंगात जे घडते ते त्याहून वाईट आहे. ही पाने रात्री वाचू नयेत. त्यानंतर फ्रान्समधल्या मठात क्लेअर त्याच्या जखमांबरोबर मनावरही जे उपचार करते, ते कोणत्याही रुग्णालयात चालणार नाहीत. अफू आणि लव्हेंडरचा वास वापरून ती त्याला छळकर्त्याच्या आठवणीसमोर पुन्हा उभे करते, त्याने उलटून लढावे म्हणून. पद्धत धोकादायक आहे, तरीही रात्रपाळीत दचकून उठणाऱ्या रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला तिची हतबलता समजते. याउलट, जेमीने, म्हणजे नवऱ्यानेच, पट्ट्याने मारल्यावर तिने तो प्रसंग ज्या सहजतेने मागे टाकला, ती मला पटली नाही; काळाचे निमित्त तेथे पुरेसे नाही.

दुसरा भाग मी ग्रंथालयातून आणला आहे आणि उरलेलेही तेथूनच आणीन. परिचारिका, फार्मासिस्ट किंवा जुन्या औषधोपचारांत रस असलेल्यांनी पहिला भाग विकत घ्यावा, मात्र कडक बांधणीची प्रत मिळत असेल तरच.