जिप्सम बोर्डाची कड तासायला कोणती रॅस्प घ्यावी?

कटरने चीर मारून बोर्ड मोडला की कड साफ निघतेच असं नाही. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या कागदाच्या बाहेर एक-दोन मिलिमीटर जिप्सम डोकावतो आणि तेवढ्यानेच बोर्ड जागेवर बसत नाही. एवढी बारीक पट्टी कटरने काढायला गेलात तर कोपरा तुटतो. म्हणून रॅस्प, म्हणजे मोठ्या दातांची खरबरीत कानस.

घरातली लाकूडकामाची कानस चालेल का? चार हात मारेपर्यंत चालेल. मग दातांत भुकटी गच्च बसते, कानस नुसती घसरते आणि आपण जोर लावायला लागतो. दर दोन मिनिटांनी वायर ब्रश मारायची तयारी असेल तर वापरा, पण बोर्डासाठी म्हणून नवी आणू नका.

खरी निवड आहे सरफॉर्म नावाच्या रॅस्पच्या दोन आकारांत. दोन्हींच्या पात्याला किसणीसारखी आरपार भोकं असतात. भुकटी त्यातून वर निघून जाते, दात बुजत नाहीत. मोठीचं पातं साधारण २५० मिलिमीटरचं. पार्टिशनच्या सहा फुटी कडेवर तीच हवी, कारण लांब पातं आधी उंचवटे कापतं आणि कड सरळ येते. छोटी साधारण १४० मिलिमीटरची. तिने लांब कडेवर लाटा पडतात. पण शिडीवर उभं राहून एका हाताने बोर्ड सावरायचा असेल किंवा स्विचबॉक्सची खाच जरा वाढवायची असेल, तर मोठी नुसती अडचण होते. घरच्या एखाद-दुसऱ्या खोलीचं काम असेल तर मी डोळे झाकून छोटीच घ्यायला सांगेन. रोज पार्टिशनं उभी करणाऱ्याने मोठीही ठेवावी. पाइपच्या भोकांसाठी गोल सरफॉर्म मिळते, पण काठीला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने तेवढं भागतं.

हात मात्र दर्शनी कागदाकडून मागच्या बाजूला मारा, रॅस्प किंचित तिरकी धरून. उलट मारलात तर कागद सुटून त्याची कुसं उभी राहतात आणि ती पुट्टीतूनही दिसतात. तोंडाला मास्क लावा, भुकटी फार उडते.

दुकानात एक गोष्ट बघाच: पातं बदलता येतं का आणि सुटं पातं तिथे मिळतं का. सिमेंट बोर्डावर एकदा चालवलेलं पातं जिप्समलाही धड लागत नाही, त्यामुळे त्या कामाला जुनं पातं वेगळं ठेवा.