‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्या भस्मवाल्यांविषयी

इक्थिओसिस वल्गॅरिस हा आनुवंशिक त्वचाविकार आमच्या वडिलांना होता, तो मला आणि माझ्या धाकट्या भावालाही आहे. फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे त्वचेत ओलावा टिकत नाही, नडग्यांवर व हातांवर खवले धरतात. हा दोष २००६ साली सापडला, पण तो नाहीसा करणारे औषध अद्याप निघालेले नाही. त्वचेपेक्षा लोकांच्या नजरेचा जाच अधिक होतो. भावासाठी स्थळे पाहणे सुरू होते आणि भर वैशाखातही तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच बाहेर पडत असे.

अशा माणसाला हे भस्मवाले अचूक हेरतात. बसस्थानकावर एका गृहस्थाने त्याच्या हातांकडे पाहून आपुलकीने विचारपूस केली, आपल्या भाच्याची कातडीही अशीच होती व ती साफ बरी झाली असे सांगितले आणि जवळच्या एका दुकानापर्यंत स्वतः सोबत केली. तिथल्या ‘वैद्यांनी’ नाडी पाहून भस्माची चिठ्ठी लिहिली. भाव विचारल्यावर दुकानदार नुसते ‘एकशे ऐंशी’ म्हणाला आणि चार-पाच बरण्यांतील जिन्नस खलात घालून खलू लागला. तो भाव एका ग्रॅमचा आहे, हे सगळे एकजीव झाल्यावरच सांगण्यात आले. बिल २८,००० रुपयांच्या वर गेले. खललेले औषध परत घेता येत नाही म्हणून एटीएमपर्यंत बरोबर माणूस देण्यात आला, यावरून त्या धंद्यातील सराव ध्यानात यावा.

‘पाऊस लागला की फरक दिसेल’ हे आश्वासन तर फारच धूर्त होते, कारण दमट हवेत आमची त्वचा दरवर्षी आपोआपच मऊ पडते आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा भेगाळते. पावसाळ्यातील हा उतार भस्माच्या नावावर जमा झाला आणि त्याच भरवशावर दुसरी खेपही विकली गेली.

त्वचारोगतज्ज्ञांनी भस्म तत्काळ थांबवले. अशा बेनामी पुडीत शिसे किंवा पारा असू शकतो, म्हणून रक्ततपासणीही करवली. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच युरियायुक्त मलम किंवा पेट्रोलियम जेली लावणे, तेही कायमचे, एवढाच आमचा खरा उपचार आहे आणि त्याला दरमहा काहीशे रुपये पुरतात.

चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने आळा घातला आहे, परंतु बसस्थानकावरील गोड बोलण्याचा पुरावा मागे राहत नाही. पुडीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, तर पैसे देऊ नयेत. वजनासह एकूण रक्कम खलण्याआधीच लिहून मागावी. दिलेच असतील, तर उरलेली पुडी, चिठ्ठी आणि एटीएमची पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.