एमपी३टॅग: सात महिने वापरल्यानंतर

बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली, सीडींवरून घेतलेली आणि नातेवाइकांच्या पेनड्राइव्हमधून आलेली मिळून माझ्याकडे सहा हजारांच्या आसपास गाणी आहेत. निम्म्यांचं नाव 'ट्रॅक ०१' आणि कलाकार 'अननोन'. एकेक फाईल उघडून नावं भरायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा शंभरीच्या आतच सोडून दिलं. मग गाण्याच्या फायलींमधली नाव, गायक, अल्बम अशी माहिती (टॅग) एकगठ्ठा भरणारं एमपी३टॅग घेतलं. जर्मनीच्या फ्लोरियान हायडेनराइख यांचा हा प्रोग्राम विंडोजवर फुकट आहे, मॅकसाठी पैसे पडतात.

फोल्डर उघडला की सगळ्या फायली तक्त्यात दिसतात. हव्या तेवढ्या निवडायच्या, डावीकडच्या रकान्यात अल्बम, वर्ष, संगीतकार लिहायचं आणि सेव्ह करायचं. निवडलेल्या फायलींत माहिती वेगवेगळी असेल तर रकान्यात 'कीप' (आहे तेच ठेवा) दिसतं. त्याला हात लावला नाही की प्रत्येकीची आपापली माहिती शाबूत राहते. पहिल्याच आठवड्यात मी कलाकाराच्या रकान्यातला 'कीप' पुसून एक नाव लिहिलं आणि ३४० नाट्यपदं एकाच गायकाच्या नावावर चढली. कंट्रोल-झेडने ते मागे घेता आलं असतं, पण चूक कळेपर्यंत मी प्रोग्राम बंद केला होता. तेव्हापासून मूळ फोल्डरची प्रत काढल्याशिवाय मी काहीही निवडत नाही. तुम्हीही प्रत काढल्याशिवाय काही करू नका, खरंच.

सर्वांत जास्त वेळ वाचवला तो फाईलच्या नावावरून टॅग भरण्याच्या सोयीने. नाव 'क्रमांक - गायक - गाणं' अशा साच्यातलं असेल, तर तो साचा एकदा सांगायचा. शंभर फायलींचे तिन्ही रकाने क्षणात भरतात. उलटही होतं, टॅगवरून फाईलचं नाव. क्रमांकाआधी शून्य लावून घ्या, नाहीतर काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात. गीतरामायणासारखी ५६ गीतांची मालिका अशी उलटसुलट ऐकवत नाही.

मराठी गाण्यांची खरी मेहनत मात्र नावांत आहे. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि हेच रोमनमध्ये: प्लेअरला हे तीन वेगळे गायक वाटतात. मी 'पं.', 'उ.' वगैरे काढून टाकणारी, साठवून ठेवता येणाऱ्या सूचनांची एक अ‍ॅक्शन बनवून ठेवली, आता नवा फोल्डर आला की एका क्लिकमध्ये चालवतो. (मनात आदर आहेच, यादीत तो अडचण करतो.) त्याहून छुपी भानगड 'ऱ्य'ची. 'किनाऱ्यावर' हा शब्द दोघांनी टाइप केला तर डोळ्यांना तोच दिसतो, पण एकाने 'ऱ' वापरलेला असतो आणि दुसऱ्याने 'र'ला हलन्त लावून पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकलेलं असतं. शोधलं की निम्मी गाणी गायब. हे कळायला मला दोन महिने लागले. शोधा-बदला अशी एक अ‍ॅक्शन लिहिली आणि प्रश्न मिटला.

'अल्बम आर्टिस्ट' (पूर्ण अल्बमसाठी एकच नाव) हा रकाना रिकामा सोडू नका. वेगवेगळ्या गायकांची गाणी असलेली एक कॅसेट माझ्या फोनवर नऊ अल्बम होऊन बसली होती.

गाडीतल्या स्टिरिओवर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसायची. तो स्टिरिओ फाईलच्या शेवटचा, आयडी३ (फाईलमध्ये टॅग ठेवण्याची पद्धत) च्या जुन्या पहिल्या आवृत्तीचा टॅग वाचत होता. तो पुरा १२८ बाइटांचा, नावाला त्यातले ३० बाइट. देवनागरी त्यात धड मावतच नाही. सेटिंगमध्ये तो काढून फक्त २.३ आवृत्ती, यूटीएफ-१६ (देवनागरीही मावते अशी अक्षरपद्धत) मध्ये लिहायला लावली. तरीही त्या स्टिरिओला देवनागरी येईना, म्हणून गाडीच्या पेनड्राइव्हसाठी रोमन नावांची वेगळी प्रत ठेवली आहे. लिप्यंतराचं काम हातानेच केलं.

पण माझ्या लेखी याचं मोल वेगळ्याच गोष्टीत आहे: आपला रकाना आपण बनवू शकतो. गीतकाराचा रकाना आहेच. मी राग, ताल आणि तबल्याची साथ असे तीन वाढवले. कॅसेटच्या कागदावर जे छापलं होतं ते सगळं आता फाईलमध्ये आहे. जिथे तबलजीचं नाव छापलेलंच नाही तिथे रकाना रिकामा ठेवला, अंदाजाने भरला नाही. परवा संध्याकाळी बाबा म्हणाले, "मारवा लाव रे." राग या रकान्यात शोधलं, पाच गायकांचा मारवा समोर आला. त्यातल्या एकाची कॅसेट आपल्याकडे आहे हे ते स्वतःच विसरले होते.