कीड आवरण्याचा नवशिक्या संच: पाचपैकी तीन तारे, त्यातला एक नुसत्या भिंगाला

संचासोबत आलेलं माहितीपत्रक मी आधी लाल पेनाने तपासलं आणि मग वाचलं. सवयीचा गुलाम दुसरं काय करणार! २६ वर्षं मुद्रितशोधन करतेय. चार घड्यांच्या त्या कागदात 'कीटक' तीन ठिकाणी ऱ्हस्व होता, 'फवारणी' एकदा 'फरवाणी' झाली होती, 'बुरशी'ची वेलांटी दोनदा गायब होती. एकूण १७ चुका काढल्या आणि स्वतःवर खूश झाले. अठरावी सुटली. ती नंतर काकडीच्या अंगावर उठली.

पहिल्या पानावर छापलंय, 'एक लिटर पाण्यात ५ मि.ली. निंबतेल'. मागच्या पानावर ठळक चौकटीत, '५ टक्के द्रावण फवारावे'. दोन्हीकडे ५ दिसला आणि नजर पुढे सरकली. आता एका लिटरचे ५ टक्के म्हणजे ५० मि.ली., सरळ दसपट. मी चौकटीवर विश्वास ठेवला, कारण चौकटीत महत्त्वाचं असतं हे मीच नवख्यांना शिकवत आले. त्यातून फवारणी केली सकाळी दहाला, चढत्या उन्हात. दोन दिवसांत काकडीच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. बोटात धरल्या की चुरा. वांग्याची जाड पानं तगली, काकडीची चार रोपं मात्र गेली.

हे ५ टक्के आले कुठून, याचा उलगडा मागाहून झाला. निंबोळी अर्काची जी नेहमीची शिफारस असते ती ५ टक्क्यांचीच: १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून गाळलेली. त्यात तेलाचा अंश थोडाच उतरतो. बाटलीतलं तेल हे निव्वळ तेल. पत्रक लिहिणाऱ्याने अर्काचा आकडा तेलाला चिकटवला असावा. एक तारा इथेच कापला. नवशिक्याच्या हातात द्यायच्या वस्तूत ही चूक माफ होण्यासारखी नाही, आणि मी ती वाचूनही सोडली याचा राग वेगळा.

आता खोक्यात काय काय आहे ते. निंबतेलाची २०० मि.ली.ची बाटली, एक लिटरचा हातपंप, १० पिवळी आणि ५ निळी चिकट कार्डं, कोबीचा वाफा झाकता येईल एवढी किडरोधक जाळी, जाळीला कमान द्यायच्या तारा, आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळलेलं घडीचं भिंग, दहापट मोठं दाखवणारं. माझी बाग म्हणजे ४ फूट बाय ८ फुटांचा एक वाफा आणि कडेला कुंड्या. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, काकडी. आयुष्यातला पहिलाच हंगाम.

तेल चांगलं आहे, हे सांगायला हवं. पण ते काय करतं हे पत्रकात नाही, त्यामुळे घेणाऱ्याची निराशा ठरलेली. निंबतेलातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक कीड जागच्या जागी मारत नाही. किडीची भूक मरते आणि तिची कात टाकण्याची व्यवस्था बिघडते, म्हणून पिल्लं मोठी होत नाहीत. मी संध्याकाळी फवारलं आणि सकाळी मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी ती बारीक कीड, जसाच्या तसा बसलेला पाहून बाटली फेकायला निघाले होते. फरक दिसायला आठवडा लागला, तोही दोन फवारण्यांनंतर. हा घटक उन्हात लवकर विरतो, म्हणून फवारणी दिवस कलल्यावर. तेल पाण्यात नुसतं मिसळत नाही, वर तरंगतं. म्हणून आधी कोमट पाण्यात सौम्य द्रवसाबणाचे थेंब, त्यात तेल, दुधाळ होईस्तोवर हलवायचं आणि मग उरलेलं पाणी. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. आणि नवं रोप असेल तर आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट बघायची. हे शहाणपण माझ्या चार काकड्यांच्या बदल्यात आलेलं आहे.

पंपाबद्दल मात्र चांगलं बोलवत नाही. त्याची तोटी फक्त समोर बघते. मावा, पांढरी माशी, लाल कोळी ही सगळी मंडळी पानाच्या खालच्या अंगाला राहतात. पंप उलटा धरला तर आतली नळी पाणी सोडून हवा ओढते आणि फुस्स. शेवटी डाव्या हाताने एकेक पान उलटायचं, उजव्याने फवारायचं, असा तास गेला. वर फिरणारी तोटी असती तर हे काम दहा मिनिटांचं होतं. कीड मारायचा पंप बनवणाऱ्याला कीड कुठे बसते हे ठाऊक नसावं, याला काय म्हणावं! तिसऱ्या वेळी तोटी तेलाने तुंबली, ती सुईने मोकळी केली.

चिकट कार्डं लावली आणि दुसऱ्या दिवशी पिवळं कार्ड काळ्या ठिपक्यांनी भरलेलं बघून आनंद झाला. मुलाने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "आई, यात मधमाशीसारखी दिसणारी एक आहे." ती होती सिरफिड माशी, जिच्या अळ्या मावा खातात. चोर सोडून संन्याशाला फाशी! पिवळ्या रंगाकडे पांढरी माशी, पंखवाला मावा आणि नागअळीची माशी येते, निळ्याकडे फुलकिडे. पण हे सगळं उडणाऱ्यांपुरतं. मावा बहुतेक बिनपंखांचाच असतो, पांढऱ्या माशीची पिल्लं पानाला चिकटून जागची हलत नाहीत, त्यांना कार्डाशी देणंघेणं नाही. तेव्हा कार्ड हा उपाय नसून हजेरीपट आहे. एका वाफ्याला एक पुरे: कोण आलं, कधीपासून वाढलं, एवढं कळतं. मी दहाच्या दहा टांगली होती. पत्रकाने तसंच सांगितलं होतं.

जाळीला पूर्ण गुण द्यावेत की शून्य, हे तुम्ही ती कधी लावता यावर आहे. कोबीवर मी रोपं लावली त्याच दिवशी कमानी ठोकून जाळी ताणली, कडा मातीत पुरल्या. अळीचं एक भोक नाही त्या कोबीला. पतंग जाळीवर येऊन बसत, अंडी घालायला पान सापडत नसे. वांग्याला कुंडीत जाळीचा उरलेला तुकडा गुंडाळला तो तीन आठवड्यांनी, मावा दिसल्यावर. म्हणजे चोर आत आणि कुलूप दाराला. आतला मावा निवांत वाढला. मावा अंडी घालत बसत नाही, मादी नराशिवायच जिवंत पिल्लं देते, आणि ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः आया होतात. बाहेरून जाळीवर लेडीबर्डचे दोन लाल किडे फिरत होते, भोकात डोकं घालून बघत होते. त्यांचं जेवण आत आणि ते बाहेर. मी जाळी काढली. आणखी एक: काकडीला फुलं आली की जाळी काढावीच लागते. नर आणि मादी फुलं वेगळी असतात, मधमाशी आत गेली नाही तर बोटाएवढी काकडी पिवळी पडून गळते. पत्रकात यावर एक ओळ नाही. जाळी ४० मेशची आहे, म्हणजे इंचाला ४० भोकं. पतंगांना पुरते, पांढऱ्या माशीला अडवायची तर ५० मेशची घ्यावी.

आणि आता भिंग. खोक्यावर त्याचा उल्लेखही नाही, आत भेटवस्तूसारखं टाकलंय, आणि या संचातली सगळ्यात कामाची वस्तू तीच. पहिल्या आठवड्यात मी वांग्याच्या पानावरच्या काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, इवल्याशा मगरीसारख्या अळ्या चिमटीत धरून चिरडल्या. सहा-सात तरी. त्या लेडीबर्डच्या अळ्या होत्या. मोठ्या किड्यापेक्षा जास्त अधाशी, वाढीच्या काळात मावा शेकड्याने खातात. पत्रकात शत्रूंची आठ चित्रं आहेत, मित्राचं एकही नाही. ते असतं तर माझ्या हातून ही हत्या झाली नसती.

भिंगाखाली मावा पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाच मिनिटं हलले नाही. नुसत्या डोळ्यांना हिरवी धूळ वाटते ती. भिंगात पाय दिसतात, देठात खुपसलेली सोंड दिसते, पाठीच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतात. एकीच्या पोटातून पिल्लू बाहेर येत होतं, मागचं अंग आधी, आणि आई तोवर रस पीतच होती. शेजारी काही मावे फुगलेले, सोनेरी तपकिरी, जुन्या कागदासारखे कोरडे. एकाच्या पाठीला गोल भोक, आणि त्याची चकती अजून एका बाजूला लोंबत होती, डब्याचं झाकण उघडं राहावं तशी. ती करामत एका सूक्ष्म गांधीलमाशीची. ती माव्याच्या अंगात अंडं घालते, अळी आतून मावा खाते आणि तयार झाली की झाकण कापून उडते. त्या फांदीवर मी तेल फवारलंच नाही. पाण्याची जोरदार धार मारून बाकीच्या फांद्या धुतल्या. खाली पडलेला मावा बहुधा परत चढत नाही. बारा दिवसांनी धुतलेल्या आणि न धुतलेल्या फांदीत मला फरक सांगता आला नाही.

भिंगामुळे मुंग्यांचाही शोध लागला. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर बहुधा मावा असतो: त्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा त्या पितात आणि बदल्यात लेडीबर्डला हुसकावतात. तो चिकटा पानावर पडून काळी बुरशीही धरते. मी खोडाला कागदी पट्टी बांधून तिच्यावर गोंद लावला, उरलेल्या कार्डांचाच खरवडून. नऊ कार्डं शेवटी कामी आली ती अशी.

संचात नाही आणि असायला हवं होतं ते बीटीचं पाकीट. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस; हा जिवाणू १९०१ सालीच जपानमध्ये रेशमाच्या अळ्यांच्या रोगात सापडला होता. कोबीवर वापरतात तो प्रकार पान खाणाऱ्या अळीच्या पोटात गेला तरच मारतो, लेडीबर्डला काही करत नाही. टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीपुढे निंबतेल माझ्याकडे तरी कमी पडलं. अळी एकदा फळात शिरली की बीटीही हात टेकतं, म्हणून ती लहान आणि बाहेर असतानाच फवारायला हवं.

तारे असे: तेलाला एक, जाळीला एक, भिंगाला एक. पंप आणि पत्रक यांनी आपापला गमावला. लहान वाफ्यासाठी पहिलाच संच घेत असाल तर घ्या, पंप दुसरा आणा आणि पत्रकाच्या मागच्या पानावर काट मारा.

दुरुस्त केलेलं पत्रक मी कंपनीला पाठवलं, १८ खुणांसकट, ५ टक्क्यांभोवती दोनदा गोल करून. आठवड्याने उत्तर आलं, 'आपल्या अभीप्रायाबद्दल आभारी आहोत'. टक्क्यांबद्दल त्यात अक्षर नाही.