मारुती ८०० ची तेलगळती: पॅकिंग बदलल्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा

गाडी कार्बोरेटरची मारुती ८००, म्हणजे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे एफ८बी इंजिन. हे मॉडेल १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनत होते, त्यामुळे रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांमधले मूळ रबर आता दगडासारखे कडक झालेले असते. टॅपेट कव्हरचे (इंजिनवरचे झाकण) पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) ओ-रिंग म्हणजे गोल रबरी रिंग, ऑइल चेंबरचे (इंजिनखालचे तेलाचे भांडे) पॅकिंग आणि ऑइल प्रेशर स्विच (तेलाचा दाब गेला की लाल दिवा लावणारा) एवढे बदलून आता बरेच महिने झाले. त्यातले काय टिकले, काय पुन्हा पाझरले आणि कशामुळे, ते इथे लिहितो.

आधी निकाल. टॅपेट कव्हर आणि डिस्ट्रिब्युटर पूर्ण कोरडे आहेत. चेंबरचा एक कोपरा ओलसर होतो, पण थेंब पडत नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मधे तेल टाकावे लागायचे, ते थांबले. सिग्नलला उभे राहिल्यावर येणारा जळक्या तेलाचा वासही गेला.

या इंजिनात वरून गळलेले तेल ओघळत खाली चेंबरच्या कडेला जमते आणि तिथून थेंब पडतो. खालून पाहणारा माणूस चेंबरलाच दोष देतो. बऱ्याच गाड्यांचे चेंबर असे विनाकारण उघडले जाते. म्हणून पहिले काम सफाईचे. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून इंजिन ब्रश आणि डिझेलने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मग संशय असलेल्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून टॉर्चने वरून खाली बघत यावे. सगळ्यात वरची ओली रेघ हाच खरा उगम. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला तर डाग कुठे पडतो तेही कळते. डाग गिअरबॉक्सच्या बाजूला असेल तर वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि ते जास्त चिकट असते. तसे असेल तर इंजिनच्या पॅकिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही.

टॅपेट कव्हरचे काम तासाभराचे. एअर फिल्टरचा डबा काढायचा, ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) होज सोडवायचा, प्लगच्या वायरी बाजूला करायच्या आणि १० नंबरच्या गोटीने (सॉकेट) बोल्ट सोडायचे. कव्हर चिकटले असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. रबरी हातोडीने कडेला हलके ठोकले की सुटते. जुने पॅकिंग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे, कारण हेडचे ॲल्युमिनियम मऊ असते आणि लोखंडी पात्याचा एक ओरखडासुद्धा पुढे गळतीची वाट होतो. खरवडताना कॅमशाफ्टवर स्वच्छ फडके टाकून ठेवावे. शेवटी पेट्रोलचे फडके फिरवून दोन्ही कडा कोरड्या कराव्यात.

नवे पॅकिंग बसवूनही गळते त्याचे मुख्य कारण कव्हरच्या कडेतच असते. कव्हर पत्र्याचे असेल आणि आधीच्या कोणी बोल्ट जोर लावून आवळले असतील, तर भोकांजवळचा पत्रा खाली दबतो आणि दोन बोल्टच्या मधली कड उचललेली राहते. कव्हर काचेवर उलटे ठेवून बघावे. फट दिसली तर भोकांजवळचा फुगवटा सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हाताने ठोकावा. बोल्टखालचे रबरी वॉशर पॅकिंगसोबतच बदलावेत, कारण जुने वॉशर कडक झाले की तेल बोल्टच्या कडेने वर येते. आवळणी मधून बाहेर, आळीपाळीने, ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. टॉर्क पाना नसेल तर छोट्या रॅचेटवर दोन बोटांचा जोर पुरे. कव्हर उघडेच आहे तर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणे) करून घ्यावे, नाहीतर त्यासाठी पुन्हा उघडावे लागेल.

कॉर्क घ्यावे की रबर? टॅपेट कव्हरला मोल्डेड रबर, यात शंका नाही. ते उन्हाळ्यातल्या घाटातही दबून बसले नाही. कॉर्क तापून-थंड होऊन आकसते, महिनाभरात बोल्ट सैल वाटतात आणि लोक ते पुन्हा आवळत सुटतात. चेंबरला कॉर्क मिळाले, आणि पाझरणारा तो एक कोपरा त्याचाच आहे.

चेंबर काढायला गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर घ्यावी. तेल कोमट असताना काढून फ्लायव्हीलखालचा पत्रा सोडवावा लागतो. चेंबरची कडही वर सांगितल्याप्रमाणे काचेवर तपासून सरळ करावी. सिलिकॉन, म्हणजे दुकानात ‘ॲनाबॉन्ड’ म्हणून मागतात ते, फक्त कोपऱ्यांत आणि सांध्यांवर, २ ते ३ मिलिमीटरची रेघ. जास्त लावलेले बाहेर दिसते तेवढेच आतही दाबले जाते, आणि त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत अडकले तर ऑइल प्रेशर जाते. आवळणी १० न्यूटन-मीटरच्या वर नेऊ नये. ड्रेन प्लगचा वॉशर नवा घालावा. सिलिकॉन ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळू द्यावे, मगच तेल भरावे: आधी अडीच लिटर, नंतर डिपस्टिक बघत थोडे थोडे. तेल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते हाताने चाचपावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गाडी सुरू होताच तेल उडते.

डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग स्वस्त आहे, पण काढण्याआधी बॉडीवर आणि केसिंगवर खूण केलीच पाहिजे, नाहीतर टायमिंग हलते. प्रेशर स्विच पाझरत असेल तर नवा घालावा. आट्यांवर टेपचे जाड थर चढवू नयेत. स्विचला अर्थिंग (इंजिनशी वीजजोडणी) आट्यांमधूनच मिळते, ती तुटली तर प्रेशर गेल्यावरही लाल दिवा लागत नाही.

हे सगळे करूनही चारी बाजूंनी ओल येत असेल तर ब्रीदर बघा. कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा होज काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि कमजोर सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. होज साफ असूनही आयडलला तेलाचे झाकण उघडल्यावर धुराचे झोत येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तिथे आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावे, पॅकिंगचे पैसे नंतर.

क्रँक आणि कॅमशाफ्टचे पुढचे ऑइल सील टायमिंग बेल्टसोबत बदलावेत, कारण तेलाने भिजलेला बेल्ट लवकर जातो. सीलची स्प्रिंगची बाजू आत, ओठाला (शाफ्टला टेकणारी रबरी कड) तेल लावून. शाफ्टवर जुन्या सीलची खाच पडली असेल तर नवे सील किंचित मागेपुढे बसवावे, म्हणजे ओठ न झिजलेल्या जागेवर येतो. क्रँकच्या मागच्या मेन सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच घसरत नसेल आणि बेल हाउसिंगखाली (क्लचभोवतीचे आवरण) नुसती ओल असेल, तर ते काम क्लच प्लेट बदलण्याच्या वेळेपर्यंत थांबू शकते. थेंब पडायला लागले तर मात्र थांबू नये, तेल प्लेटवर गेले की तीही फेकावी लागते.